कंबरदुखीच्या पेशंटकडे सिस्टरने काय बघायचं?

प्रश्न : ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नुकतीच ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डात लागले आहे. कंबरदुखीचे पेशंट सतत असतात. फाइलवर ‘बेड रेस्ट’, पेनकिलर आणि शेक एवढंच लिहिलेलं असतं. मी गोळ्या देते, इंजेक्शन देते, बेडपॅन देते. याहून वेगळं आपल्या हातात काय आहे? आत्ता माझ्याकडे ६८ वर्षांच्या एक आजी आहेत. पाण्याची बादली उचलताना कमरेत चमक भरली तेव्हापासून झोपूनच आहेत, चार दिवस झाले. कूस बदलली तरी रडतात.

उत्तर :

आजींबद्दल शेवटी नीट लिहिते. पण आज ड्यूटीवर गेलीस की आधी त्यांची फाइल उघड आणि मणक्याचा एक्स-रे झालाय का ते बघ. झाला नसेल तर राउंडला डॉक्टरांना स्वतःहून विचार. का, ते पुढे येईलच.

आता तुझा मूळ प्रश्न. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली वीसेक ऑर्थोत गेली. तुला वाटतंय तसंच मलाही सुरुवातीला वाटायचं. फ्रॅक्चरवाल्याचं काहीतरी डोळ्यांना दिसतं, प्लास्टर असतं, टाके असतात. कंबरदुखीवाल्याचं काहीच दिसत नाही. जेवतो, बोलतो, मोबाइल बघतो, आणि उठायचं म्हटलं की कण्हतो. मग स्टाफ म्हणतो नाटकं करतोय, नातेवाईक म्हणतात रजा पाहिजे असेल. अशा पेशंटकडे कुणाचंच नीट लक्ष नसतं, आणि नेमकं तिथेच आपण फसतो.

मी कशी फसले ते सांगते. मार्केट यार्डातला एक हमाल होता, चाळिशीचा. दोन मणक्यांमधली गादी सरकलेली, उजव्या पायात कळ जायची. दोन रात्री ओरडून त्याने वॉर्ड जागा ठेवला होता. तिसऱ्या रात्री माझी नाइट होती. गडी शांत झोपलेला. विचारलं तर म्हणाला, “सिस्टर, आज लई बरं वाटतंय, पाय जड झालेत नुसते.” मला हायसं वाटलं. रिपोर्ट बुकात लिहिलं : वेदना कमी, झोप चांगली. पहाटे मावशी चादरी बदलायला गेल्या आणि परत येऊन मला म्हणाल्या, “बाई, त्या गड्याची चादर ओली हाय, आणि त्याला ठावं बी न्हाई.” मी पोटावर हात ठेवला तर मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं. ऑपरेशन झालं, तो चालायला लागला. लघवीवरचा ताबा मात्र पूर्ण कधीच आला नाही. त्या रात्री दुखणं कमी झालं नव्हतं, पाय बधिर होत चालले होते. त्याने मला ते सांगितलंही होतं, “पाय जड झालेत” म्हणून. मला ऐकू आलं नाही.

याला कॉडा इक्विना म्हणतात. पाठीचा कणा खाली जिथे संपत येतो तिथे मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. मोठी गादी मधोमध सरकली तर तो अख्खा झुपका दाबला जातो. कंबरदुखीच्या पेशंटमध्ये हे क्वचितच दिसतं, पण दिसलं तर तासांचा हिशेब असतो. ४८ तासांच्या आत दाब मोकळा झाला तर निकाल बरे लागतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. रात्री दोन वाजता कळलं तर रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

म्हणून प्रत्येक शिफ्टला, प्रत्येक कंबरदुखीवाल्याला लघवीचं विचारायचं. “लघवी झाली का?” एवढंच विचारलंस तर “झाली” असंच उत्तर येईल. नीट विचार : लागल्याची जाणीव होते का? सुरू व्हायला जोर करावा लागतो का? धार येते की थेंब थेंब? झाल्यावर मोकळं वाटतं का? संडासला जाऊन आल्यावर धुताना पाण्याचा आणि हाताचा स्पर्श कळतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. सायकलच्या सीटवर शरीराचा जो भाग टेकतो तिथली संवेदना आधी जाते, आणि ती गेल्याचं माणूस आपणहून कधी सांगत नाही, लाजतो. पुरुष पेशंट तरुण सिस्टरला तर मुळीच सांगणार नाही. मग वॉर्डातल्या ब्रदरला (पुरुष नर्सला) विचारायला सांग, किंवा पडदा लावून, आवाज खाली आणून, चेहरा निर्विकार ठेवून तूच विचार. तू लाजली नाहीस तर तोही लाजणार नाही. थेंब थेंब होतेय म्हणजे होतेय, असं समजू नकोस. भरलेला माठ वरून पाझरतो तसं ते असू शकतं. बेंबीखाली हात ठेवून बघ. शंका आली तर डॉक्टरांना सांगून, लघवी करून आल्यावर लगेच कॅथेटर घालून आत किती उरली ते मोजलं जातं. २०० मिलीच्या वर उरली असेल तर गोष्ट गंभीर धरतात. दोन्ही पायांत एकाच वेळी मुंग्या किंवा कळा सुरू झाल्या, तरी तेवढंच सावध व्हायचं.

याच फेरीत पायही बघून घे, दोन मिनिटं लागतात. पेशंटला पायाचा अंगठा वर ओढायला सांग आणि तू बोटाने खाली दाब. कमरेच्या पाचव्या मणक्याच्या पातळीची नस दबली असेल तर त्या बाजूचा अंगठा लगेच हार खातो. उभं राहता येत असेल तर टाचा उचलून चवड्यांवर उभं करून बघ; ते जमत नसेल तर त्याच्या खालची नस. दोन्ही बाजू ताडून बघायच्या आणि ताकद आकड्यात लिहायची, ० ते ५; ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद. “पॉवर ठीक” असलं काही लिहू नकोस. काल ४ होती, आज ३ आहे, हे तुझ्या कागदावर असेल तरच सर्जनला कळेल की गाडी उताराला लागली आहे. डॉक्टर दिवसातून एकदा पेशंट बघतात, आपण तीन पाळ्यांत बघतो. उतरण आपल्यालाच आधी दिसायला हवी.

दुसरी एक गोष्ट आता वॉर्डांतून जवळजवळ गेलीच आहे, तिची मला हळहळ वाटते. पूर्वी रोज सकाळी बॅक केअर असायची. पेशंटला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, स्पिरिट आणि पावडर लावायची. बेडसोअरसाठी स्पिरिटचा उपयोग नाही हे आता कळलंय, ते बंद झालं ते बरंच झालं. पण त्या निमित्ताने रोज उघडी पाठ दिसायची, आणि पाठ पुष्कळ काही सांगते. मणक्यांवरून वरून खाली बोटं फिरवली की एखादा मणका बाहेर आलेला लागायचा. वजन घटलेलं, संध्याकाळी कणकण, रात्री दुखणं जास्त, असा पेशंट असला की मणक्याचा टीबी मनात यायचा. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने १७७९ साली या आजाराचं वर्णन केलं. त्याचं नाव आजही आपण ‘पॉट्स स्पाइन’ म्हणून घेतो, आणि आपल्याकडे हा आजार पुस्तकात राहिलेला नाही, वॉर्डात आहे. एकदा एका बाईंच्या कमरेच्या एकाच बाजूने पट्ट्यासारखं जळजळत होतं, दोन दिवस सगळे गादी-गादी करत होते, तिसऱ्या दिवशी पाठ पुसताना बारीक पाण्याचे फोड दिसले. नागीण. हे निदान पाठ उघडल्याशिवाय कसं होणार?

पेशंट पडलाय कसा, हेही बघत जा. मणक्याचं किंवा स्नायूंचं दुखणं असलेला माणूस एका ठरावीक स्थितीत गपगार पडतो, कारण हललं की दुखतं. मुतखड्याचा माणूस गडाबडा लोळतो, त्याला कुठल्याच स्थितीत चैन नसतं. सिगारेट-बिडी ओढणारा साठी ओलांडलेला पुरुष, अचानक कमरेत भयंकर दुखलं, घाम फुटला, बीपी उतरतंय, तर ते कमरेचं धरून चालू नये. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटत असू शकते. आधी कॅन्सर होऊन गेलेला, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेला, ताप असलेला, पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेला, असा कुणीही आला की हिस्ट्री घेताना ठळक लिहायचं. स्टेरॉइडचं विचारताना “स्टेरॉइड घेता का?” म्हणू नकोस, नाहीच म्हणतील. “सांधेदुखीवर कुणाकडून पुड्या घेता का? घेतल्या की लगेच हलकं वाटतं का?” असं विचार. त्या पुड्यांत काय असतं ते मी तुला सांगायला नको.

दुखण्याचं मोजमाप नर्सिंग स्कूलमध्ये शून्य ते दहा शिकवलं ना? शहरातल्या पेशंटला चालतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना दहापैकी किती विचारलं की “लई” हेच उत्तर. मी आण्यांत विचारायचे. “रुपयातलं किती आणे दुखतंय?” लगेच उत्तर यायचं : “काल सोळा आणे होतं, आज दहा-बारा.” आकडा मिळाला, तोही खरा. पण आकड्याहून मला काम जास्त सांगतं. चहा संपेपर्यंत बसता येतं का? संडासापर्यंत जाताना किती वेळा थांबावं लागतं? आणि दुखतंय म्हणाला की दुखतंय, हे आधी मान. मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने १९६८ सालीच हे मांडलं की दुखतंय असं पेशंट सांगतो तेच दुखणं. ती बाई आपल्या पेशातली होती, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

आता तुझ्या त्या ‘बेड रेस्ट’कडे. मी नोकरीला लागले तेव्हा कंबरदुखी म्हणजे तीन आठवडे सक्त विश्रांती आणि कमरेला पट्टा बांधून खाटेच्या टोकाला वजनं लटकवलेली. वजनं कमी पडली की वॉर्डमामा विटा आणायचे. पेशंट एकमेकांना विचारायचे, “तुला किती किलो?” तीन आठवड्यांनी माणूस उठायचा तेव्हा कमरेपेक्षा पायच जास्त लटपटायचे. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती अशी तुलना करून पाहिली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि दुखण्यात त्यांचं काही बिघडलं नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये त्याच्याही पुढे गेले : काहींना झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं की झेपेल तसं रोजचं काम करत राहा. सगळ्यांत लवकर हे तिसरेच बरे झाले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना दिल्या, त्यात ट्रॅक्शन (म्हणजे तीच लटकवलेली वजनं) आणि कमरेचे पट्टे सर्रास वापरू नका, असंच म्हटलं आहे. तरी आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात पहिला खप पट्ट्याचाच.

फाइलवर लिहिलेली ऑर्डर आपण परस्पर मोडायची नाही, हे खरं. पण विचारता येतं. “सर, फ्रॅक्चर नाही, पायाची ताकद चांगली आहे, आज बाथरूमपर्यंत चालवू का?” असं विचारल्यावर नाही म्हणणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. बहुतेकांना ‘बेड रेस्ट’ ही जुनी सवय म्हणून लिहिलेली असते. तीव्र कळ असेल तेव्हा एक-दोन दिवस आडवं होणं ठीक. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी उठवायचं. पेनकिलर दिल्यानंतर अर्धा-पाऊण तासाने औषधाचा जोर असतो, चालणं-अंघोळ तेव्हा उरकायची. गोळी देऊन आपण पुढच्या पेशंटकडे जातो आणि तिचा सगळ्यात चांगला तास पेशंट झोपून घालवतो, हे मी किती वॉर्डांत पाहिलं!

उठायचं कसं हे मात्र शिकवावं लागतं. गरोदर बाईला आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या सांगतात, “सरळ उठू नको गं, कुशीवर वळून ऊठ.” तेच इथे. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरावर आणि वरच्या तळव्यावर जोर देऊन बसतं व्हायचं. बसल्यावर एक मिनिट थांबायचं. चक्कर नसेल तरच उभं राहायचं. हे तोंडी सांगून जमत नाही, तीनदा हात धरून करवून घ्यावं लागतं, आणि सोबतच्या नातेवाइकाला समोर उभं करून दाखवावं लागतं, कारण रात्री उठवणार तोच आहे.

झोपताना उताणं असेल तर गुडघ्याखाली उशी, कुशीवर असेल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. सरकारी वॉर्डात उशा कुठल्या? घडी घातलेलं कांबळं घे. लोक विचारतात फळीवर झोपू का, जमिनीवर झोपू का. २००३ साली स्पेनमध्ये यावर अभ्यास झाला होता, त्यात अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. जमिनीवर सतरंजी टाकून झोपण्यात मला दिसणारी खरी अडचण वेगळीच आहे : तिथून उठताना माणसाचा जीव जातो.

संडासाचा विषय ऑर्थोत दुय्यम समजतात, मी तो वरच्या क्रमांकावर ठेवते. बेडपॅनवर चढायला कंबर उचलावी लागते, म्हणजे ज्याने दुखतं तेच करायला आपण लावतो. त्यापेक्षा खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवून दोन पावलं चालवणं कमी दुखतं. अगदीच नाइलाज असेल तर चपटा बेडपॅन, तोही कुशीवर वळवून सरकवायचा. बायका बेडपॅनच्या लाजेने पाणी पिणं सोडतात, हे लक्षात ठेव. पाणी कमी, त्यात हालचाल नाही, त्यात ट्रामाडॉलसारखं बद्धकोष्ठ करणारं पेनकिलर. तीन दिवसांत पोट कडक. मग कुंथताना कमरेत अशी कळ जाते की पेशंट संडासलाच घाबरतो. इसबगोल द्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर त्याचाच गोळा होतो. शौच झाल्याची तारीख रोज लिहायची. देशी संडासावर उकिडवं बसणं सुरुवातीला बहुतेकांना जमत नाही. घरी जाताना प्लास्टिकची खुर्ची मधून कापून तिची कमोड खुर्ची करता येते, हे नातेवाइकांना सुचवत जा.

शेक द्यायचा, पण डोळे उघडे ठेवून. उकळतं पाणी पिशवीत भरायचं नाही, पिशवी टॉवेलात गुंडाळायची, पंधरा-वीस मिनिटं, आणि पेशंटला पिशवीवर झोपवायचं नाही. मधुमेह असलेल्याला, बधिरपणा असलेल्याला भाजलेलं कळतच नाही. घरी गरम विटेने, तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने शेकून कमरेवर फोड घेऊन आलेले पेशंट मी मोजायचे सोडून दिले. बाम चोळून त्यावर लगेच शेक, हाही एक लाडका प्रकार, त्यानेही भाजतं. आणि उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेणं! त्याने बरं झालेले लोक तुला शपथेवर सांगतील, कारण उसण बहुतेकदा चार-आठ दिवसांत आपोआपच उतरते. पेशंटशी यावरून वाद घालू नकोस; फक्त हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला लाथ नको, एवढं नातेवाइकांच्या गळी उतरव.

औषधांत डायक्लोफेनॅक हे पेनकिलर सर्वांत जास्त. देण्याआधी तीन गोष्टी विचार : पोटात अल्सर किंवा काळी शौच झाली होती का, किडनी-बीपीचा त्रास आहे का, दमा आहे का. देत असताना पाय सुजतायत का, लघवी कमी होतेय का, बघ. उशीखाली बाहेरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांची पट्टी असतेच. ब्रँड वेगळा, औषध तेच, म्हणजे दुप्पट डोस. ती पट्टी प्रेमाने मागून घे आणि फाइलला लाव. नसेच्या दुखण्याला प्रीगॅबॅलिन देतात, त्याने पहिल्या काही रात्री गरगरतं, आणि म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात. कंबर बरी झाली आणि खुबा मोडला, अशी वेळ येऊ नये. गोळी दिली त्या रात्री त्यांना एकटं उठू द्यायचं नाही. इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चौकोनातच, खोल. तिथे आळस करून आत टोचलंस तर सायटिक नसच दुखावशील.

पेशंटशी काय बोलायचं, यावर मला तासभर बोलता येईल. “मणक्यात गॅप आलाय”, “मणका झिजलाय”, “नस दबलीय, आता वाकायचं नाही”, ही वाक्यं पेशंट आयुष्यभर बरोबर नेतो. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की तर विचारूच नकोस. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला, त्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांचे स्कॅन होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के. म्हणजे केस पिकतात तशा गाद्या पिकतात. हे पेशंटला सांग. सरकलेली गादीही बऱ्याच वेळा काही महिन्यांत आपोआप आक्रसते, हेही सांग. पण “काही नाहीये तुम्हाला” असं कधी म्हणू नकोस. त्याला ते “खोटं बोलताय तुम्ही” असं ऐकू येतं.

बायकांच्या कमरेबद्दल एक वेगळा धडा मी उशिरा शिकले. कंबर दुखते आणि अंगावरून पांढरं जातं, एवढ्या तक्रारीवर पिशवी काढलेल्या किती तरी बायका ऑर्थोत यायच्या, कंबर तशीच दुखत असायची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्यावरून गदारोळ झाला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा मला त्या सगळ्या आठवल्या. दिवसभर वाकून कोयता चालवणारी आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणारी बाई, तिची कंबर दुखण्याला पिशवीचं कारण शोधायची गरज काय होती? सिझेरियनवाल्या बायकांचं दुसरं : “कमरेत (भुलीची) सुई दिली तेव्हापासून दुखतंय.” टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईने होते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. तिला हे सांगताना पुढे हेही विचार की रात्री बाळाला कशी घेऊन बसतेस, पाठीला टेकू असतो का, घरात पाणी कोण भरतं. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

गादीच्या ऑपरेशननंतरची देखभाल तुला वॉर्डात शिकवतीलच, म्हणून थोडक्यात. वळवताना दोघी-तिघींनी मिळून, ओंडका फिरवावा तसं सबंध अंग एकदम. पहिले काही तास पायाची बोटं आणि संवेदना वारंवार, ऑपरेशनआधीच्या नोंदीशी ताडून. सहा-आठ तासांत लघवी झाली पाहिजे. ड्रेसिंगवर पाण्यासारखा पातळ डाग पसरत असेल, उठून बसल्यावर डोकं ठणकत असेल आणि आडवं झाल्यावर थांबत असेल, तर मणक्याचं पाणी गळत असू शकतं. ड्रेसिंग बदलून मोकळी होऊ नकोस, आधी कळव.

डिस्चार्जच्या वेळी “वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका” हे पाठ केलेलं वाक्य मी वीस वर्षं म्हटलं, आणि एकाही बाईने ते पाळलं नाही. कसं पाळेल? घरी गेल्यावर चूल, धुणं, पाणी तसंच आहे. पुढे मी उलटं विचारायला लागले : सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मग त्यातलंच एखादं बदलायचं. एका हंड्याऐवजी दोन लहान कळश्या, दोन्ही हातांत. उचलताना वस्तू अंगाशी धरायची आणि गुडघ्यात वाकायचं. भाकरी ओट्यावर थापायची, आणि एक पाय लहान पाटावर ठेवायचा, थोड्या वेळाने बदलायचा. ट्रॅक्टर किंवा टू-व्हीलरवर तासाभराने उतरून चार पावलं चालायचं. रोज चालणं, दहा मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यायचं. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम घरी कुठे करणार, जागा आहे का, हेही विचारायचं. आणि कागदावर मोठ्या अक्षरांत : लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाय लुळा पडला, तर थेट कॅज्युअल्टीत या, ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका.

तुझीही कंबर आहे बरं का. पेशंटला गळ्यात हात टाकू देऊन उठवायचं नाही, कधीच नाही. खाटेची उंची हँडलने वर घेता येत असेल तर ड्रेसिंगच्या आधी घे. वर सरकवायचं तर ड्रॉ शीट (पेशंटखाली घातलेली आडवी चादर) धरून दोघींनी. मामा येईपर्यंत दहा मिनिटं थांबायला लागलं तर थांब. माझ्या बॅचच्या निम्म्या मैत्रिणी कंबर धरून रिटायर झाल्या आणि त्यातल्या प्रत्येकीला एखादा तरी “पटकन उचललेला” पेशंट आठवतो.

आता तुझ्या आजी. ६८ वय, बादलीएवढ्या वजनाने अचानक कळ, कूस बदलताना रडू. मला यात गादीपेक्षा ठिसूळ हाडामुळे चेपलेला मणका जास्त वाटतो. अशा बायका पडलेल्याही नसतात, त्यामुळे फ्रॅक्चर कुणाच्या मनात येत नाही. मणक्यावरून हलक्या बोटांनी टिचकी मारत खाली जा. एका जागी त्या दचकतील, ती जागा लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव. पूर्वीपेक्षा उंची कमी झालीय का, पाठ वाकलीय का, सुनेला विचार. पुड्यांचं विचार. लघवीचं आणि पायाच्या अंगठ्याचं तर आजच बघ. एक्स-रेत मणका चेपलेला निघाला तर पट्टा लागेल का, कधी उठवायचं, हे डॉक्टर ठरवतील. इथे पट्ट्याचा नियम वेगळा असतो. पण चेपलेल्या मणक्यालाही आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत नाहीत, दुखणं आवाक्यात आलं की बसवतात, उभं करतात. हाडांच्या औषधाचंही विचारून घे, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा मणका घेऊन येतील. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेणारे मी पाहिलेत, म्हणून पुडीवर वार लिहून दे.

आणि तोवर त्यांना बेडपॅन देताना कंबर उचलायला लावू नकोस. गुडघे दुमडून कुशीवर वळव, चपटा पॅन सरकव, परत उताणं कर. मावशींनाही तसंच दाखव, कारण दुपारी तू नसतेस.